सहाव्या वर्षाची दाढ



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी बुरोंडीत ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी एकदाच भेटले. दापोलीला माझ्याकडे दात दाखवायला आले होते. सत्तरी ओलांडलेली, आणि तोंडात अठ्ठावीस दात शाबूत. आपल्या भागात हे क्वचित दिसतं, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "बाई, नोकरीभर रोज परिपाठाला पोरांचे दात बघितले. दुसऱ्याला तोंड उघड म्हणायचं, तर आपलं तोंड आधी धुतलेलं नको?"

परिपाठ म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, आणि मग गुरुजी ओळीतून फिरतात. हात पुढे, नखं बघू. केस बघू. तोंड उघड. एका मुलाच्या वाट्याला दहा सेकंदही येत नाहीत. मी दंतवैद्यक शिकून आले तेव्हा मला या तपासणीचं काही वाटत नसे. दहा सेकंदांत गुरुजींना काय दिसणार, असं मनात येई. आज मला त्या दहा सेकंदांविषयीच बोलायचं आहे. ते बंद पडले तेव्हा काय झालं, हे गेली काही वर्षं माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसतं आहे.

२०२० च्या मार्चच्या मध्यावर करोनामुळे शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. राज्याच्या ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग मधे काही काळ उघडले, पुन्हा मिटले. पहिली ते चौथीची मुलं मात्र १ डिसेंबर २०२१ पर्यंत घरीच राहिली. जवळजवळ साडेवीस महिने. म्हणजे २०२० च्या जूनमध्ये ज्या मुलाचं नाव पहिलीत घातलं, त्याने वर्गात पाऊल टाकलं ते दुसरीत. पहिलीचा वर्ग त्याने आतून बघितलाच नाही. अक्षरओळखीचं काय झालं यावर पुष्कळ बोललं गेलं, ते योग्यच होतं. पण त्याच महिन्यांत त्या मुलाच्या तोंडात आणखी एक गोष्ट पहिल्यांदा येत होती, आणि तिच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

दुधाचे दात वीस. ते सगळे पडतात, त्यांच्या जागी नवे येतात, हे आपल्याला माहीत असतं. पुढचा दात हलायला लागला की घरभर बातमी होते. पडला की आजी तो शेणात गुंडाळायला सांगते आणि पोरगं तो कौलांवर भिरकावतं. पण सहाव्या वर्षाच्या सुमाराला जी दाढ येते तिचा असा गाजावाजा होत नाही. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, मोकळ्या हिरडीतून वर येते. तिच्याआधी काही पडत नाही, रक्त येत नाही, फार दुखतही नाही. वर दोन, खाली दोन, अशा चार दाढा कुणाला पत्ता न लागता येऊन बसतात. आणि त्या दुधाच्या नसतात. त्या कायमच्या आहेत. गुरुजींच्या तोंडात सत्तरीनंतरही होत्या त्याच. एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या दहा आयांपैकी नऊजणी या दाढेला दुधाची समजतात. हा त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. "पडणारच आहे ना डॉक्टर, मग कशाला सिमेंट भरायचं?" असं विचारतात, आणि मला सांगावं लागतं की ताई, ही पडणार नाही, ही काढावी लागेल. तेव्हा त्या बाईच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघणं मला आजही जड जातं.

ही दाढ येते तीच कच्ची. तिच्यावरचं इनॅमल अजून पुरतं टणक झालेलं नसतं. लाळेतला चुना आणि इतर क्षार घेत घेत ते पुढची दोनेक वर्षं पक्कं होत जातं. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, जांभ्याच्या कातळावर असतात तशा, आणि अन्न त्यांत जाऊन बसतं. शिवाय ती पूर्ण वर यायला कित्येक महिने लागतात. तोवर शेजारच्या दाढेपेक्षा ती खाली असते आणि ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. म्हणजे आयुष्यभर चालायची दाढ, आणि तिच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ कोणता, तर पहिली आणि दुसरीची दोन वर्षं. ती दोन वर्षं या मुलांनी कशी काढली ते आता बघू.

दात कशाने किडतो? आजीला विचारलं तर ती म्हणेल, किड्याने. डोरलीच्या बियांची धुरी घेऊन किडे पाडणारे लोक मी लहानपणी पाहिलेत. किडा नसतो, जंतू असतात, आणि ते सगळ्यांच्याच तोंडात असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते जंतू त्याचं आम्ल करतात. त्या आम्लाने दातावरचा चुना थोडा विरघळतो. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल पातळ करते आणि गेलेला चुना परत भरते. याला साधारण अर्धा तास लागतो, कधी जास्त. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन या संशोधकाने १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून त्याचा आलेख काढला, तो आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. जेवण झालं, आम्ल झालं, अर्ध्या तासाने दात पुन्हा सावरला. पुढचे तीन-चार तास तोंड रिकामं राहिलं तर दाताचं काही बिघडत नाही. दाताला उसंत लागते, एवढंच खरं आहे. ती दर अर्ध्या तासाने मोडली, तर चांगली पेस्ट असूनही फारसा उपयोग होत नाही.

शाळा ही उसंत देत होती. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं. साडेदहाची घंटा, मधली सुट्टी, पोषण आहाराची खिचडी, पुन्हा तास, पाचला घरी. या सहा-सात तासांत मूल दोनदा खात होतं. शिवाय परिपाठाच्या भीतीने म्हणा, शेजारच्या मुलीने नाक दाबू नये म्हणून म्हणा, सकाळी तोंड धुऊन निघत होतं. ती घंटा बंद झाली आणि दिवसाचा आकारच गेला. मुलं उशिरा उठायला लागली. पारोशा तोंडाने चहा, चहात बुडवलेलं बटर किंवा बिस्कीट, आणि मग दहाला किंवा अकराला कधीतरी दात घासणं, किंवा तेही नाही. कारण बाहेर कुठे जायचंय? दुपारी एक पुडा, चारला दुसरा. रात्री पांघरुणात फोन आणि हातात काहीतरी कुरकुरीत. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. रात्री खाल्लेलं सकाळपर्यंत दातावर तसंच राहतं.

सगळ्याच घरांत असं झालं असं मी म्हणणार नाही. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली, सकाळी ९ आणि रात्री ९. एका आईने मला सांगितलं की तिच्या घरी तोंड धुतल्याशिवाय रामायण लावायचंच नाही असा नियम होता. त्या घरातल्या दोन्ही मुलांच्या दाढा मी पुढे तपासल्या, त्या चांगल्या होत्या. घंटा गेली तर त्या बाईने दुसरी घंटा शोधली. पण तीन आठवड्यांत रामायण संपलं, आणि पुढे ३ जून उजाडला.

३ जून २०२० विषयी मी तुम्हाला काय सांगू? निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातल्या वाड्या झोपवून गेलं. माड पडले, सुपारी गेली, पत्रे उडाले, अनेक ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. पंप बंद म्हणून पाणी विहिरीवरून ओढून आणायचं. अशा वेळी मुलाने दात घासले का, हे कुठल्या आईच्या डोक्यात राहणार? मदत आली, चांगल्या मनाने आली. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, आणि प्रत्येक पिशवीत बिस्किटांचे पुडे. ते टिकतात, शिजवावे लागत नाहीत, मुलं खूश होतात. त्या वेळी ती योग्यच वस्तू होती. पार्ले कंपनीने त्याच जूनमध्ये सांगितलं की मार्च ते मे या महिन्यांत पार्ले-जीची जेवढी विक्री झाली तेवढी गेल्या आठ दशकांत झाली नव्हती. मुंबईहून चालत निघालेल्या किती माणसांचं पोट त्या पुड्याने भरलं असेल. त्या पुड्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटणार नाही. माझं म्हणणं त्याच्या वेळेविषयी आहे. जेवणाला जोडून खाल्लेली चार बिस्किटं आणि दिवसभर एकेक करून खाल्लेली चार बिस्किटं, पोटाला सारखीच, पण दाताला एक वेळचा मार आणि चार वेळचा मार.

हे फार पूर्वी सिद्ध झालं आहे, आणि ज्या पद्धतीने झालं त्याचं वाईट वाटतं. स्वीडनमध्ये व्हिपेहोम नावाची मतिमंदांची संस्था होती. तिथे १९४० च्या दशकात रहिवाशांवर प्रयोग झाले. त्यांची संमती कुणी विचारली नाही. काहींना साखर जेवणात दिली, काहींना चिकट टॉफ्या दोन जेवणांच्या मधे दिल्या. जेवणात साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. मधल्या वेळी टॉफी खाणाऱ्यांचे भराभर गेले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्या माणसांच्या दातांवर हे ज्ञान उभं आहे. ते वापरायचं तर निदान त्यांची आठवण ठेवून वापरावं.

त्या टॉफीला आपल्याकडे काय म्हणतात? आंबापोळी. फणसपोळी. हे बोलताना मला माझ्याच आजीचा राग ओढवून घेतल्यासारखं वाटतं, पण बोलते. २०२० चा हापूस अडकून पडला. बाजार बंद, गाड्या बंद. किती घरांनी त्या वर्षी नेहमीच्या दुप्पट साठं घातलं आणि पोळ्या वाळवल्या! ताजा आंबा खाल्ला की लाळ सुटते, रस गिळला जातो, प्रश्न मिटतो. वाळवलेली पोळी दाढेच्या चिरेत जाऊन तासभर बसते. ती टाकू नका. जेवणाच्या ताटात, भाताच्या शेवटी द्या, आणि मग चूळ भरायला लावा. डब्यातून जाता-येता तुकडा तोडू देऊ नका, एवढंच.

इथे कुणी विचारेल, संकटकाळात दात बिघडणारच ना? तर तसं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे १९४० ते १९४५ जर्मनांच्या ताब्यात होता. अन्नाची टंचाई होती, साखर आणि मिठाई जवळजवळ दिसेनाशी झाली होती. त्या वर्षांत तिथल्या मुलांचे दात सुधारले. जपानमध्येही हेच दिसलं. त्या हलाखीत साखर गेली होती. आपल्या हलाखीत काय गेलं? होड्या बंदरात उभ्या राहिल्या. १० एप्रिलला मासेमारीला सूट मिळाली, पण मासळी उचलणार कोण? पोषण आहाराची ताजी खिचडी गेली, तिच्याऐवजी कोरडा शिधा घरी आला. किराणा दुकान मात्र अत्यावश्यक म्हणून उघडं होतं, आणि त्याच्या दारात पाच रुपयांची पाकिटं लटकत होती. बुरोंडीसारख्या गावात मासळी कमी आणि पाकिटं जास्त, असं पूर्वी कधी झालं होतं का, हे तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी मला सांगावं.

मासळीवर जगणाऱ्या आणखी एका जागेची गोष्ट सांगते. दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन दा कुन्हा नावाचं एकाकी बेट आहे. तिथली माणसं बटाटे आणि मासे खाऊन राहत. १९३७ साली तिथे तपासणी झाली तेव्हा विशीच्या आतल्या मुलांत ही सहाव्या वर्षाची दाढ, आपण बोलतो आहोत तीच, एकाचीही किडलेली नव्हती. पुढे बेटावर मासळीचा कारखाना आला, हातात पगार आला, दुकान आलं, दुकानात साखर, मैदा, गोळ्या आल्या. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि सगळं बेट रिकामं करून माणसं इंग्लंडला न्यावी लागली. त्यानंतर १९६२ मध्ये तपासलं तर त्याच वयोगटातल्या निम्म्या दाढा किडलेल्या निघाल्या. तिथे हे घडायला पंचवीस वर्षं लागली.

मी आपल्या मुलांचे आकडे देत नाही. माझ्या खुर्चीत येणारी मुलं दुखतं म्हणूनच येतात, त्यांच्यावरून गावाचा हिशेब मांडणं चुकीचं होईल. आणि टाळेबंदीने कीड आणली असंही नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीतच पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांच्या दातांना कीड होती. घरात दारिद्र्य असावं आणि वर पूर यावा, तसं झालं.

आता माझ्या स्वतःच्या मनाला लागलेली गोष्ट. तोंडात यंत्र फिरवलं की तुषार उडतो, आणि त्यातून विषाणू पसरण्याची भीती होती. त्यामुळे सुरुवातीला आम्ही दवाखाने मिटले. १९ मे २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सूचना काढल्या, त्यांत साथीचा जोर असलेल्या लाल विभागात फक्त तातडीचे उपचार करायला सांगितले होते. त्या ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही नेहमीच्या तपासण्या पुढे ढकला म्हटलं. ते बरोबरच होतं. पण त्या जुलैत किनाऱ्यावरच्या एका गावातून एका खलाशाचा फोन आला. पोरीची दाढ ठणकतेय, दोन रात्री झोपली नाही. मी फोनवर औषध सांगितलं. ठणका थांबला. मी सुटले असं मला वाटलं, आणि त्यालाही वाटलं की पोरगी बरी झाली. ठणका थांबतो तेव्हा पुष्कळदा दाढेची नस मेलेली असते, हे मला ठाऊक होतं. मी पुन्हा फोन करून विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती मुलगी आली ती गाल सुजवून. दाढ काढावी लागली. सात वर्षांची होती, आणि दाढ सहाव्या वर्षाची.

इंग्लंडमध्ये २०२०-२१ या वर्षी रुग्णालयात भूल देऊन मुलांचे किडलेले दात काढण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक घसरलं. कागदावर ते सुधारल्यासारखं दिसतं. तिथेही दात किडायचे थांबले नव्हते, दारं बंद होती. ही मुलगी माझ्या वहीत २०२० साली "बरी" म्हणूनच लिहिलेली आहे.

दवाखाने मिटले की घर आपल्या जुन्या औषधांकडे वळतं. लवंग ठेवली, हरकत नाही, लवंगेच्या तेलातलंच द्रव्य आम्हीही वापरतो. पण ठणकणाऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट धरली गेली. आणि पेस्ट संपली तेव्हा काही घरांत मुलींच्या बोटाला आजीची मशेरी लागली. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो खरपूस वास आपल्याला घराचा वास वाटतो, मला ठाऊक आहे. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. पण मशेरी कारखान्यातून येत नाही, चुलीवरून येते, तिला कायदा कुठून अडवणार? पूर्वी आजी दिवसभर दिसत नसे, मूल शाळेत असे. त्या वीस महिन्यांत नात आजीच्या मांडीला मांडी लावून बसली. आज्यांनो, तुमची सवय मोडायला मी आलेले नाही, तेवढा माझा अधिकार नाही. नातीच्या बोटाला मात्र लावू देऊ नका. राखुंडीने इनॅमल झिजतं म्हणून मी ती सांगत नाही. आंब्याचं पान किंवा मुसलमान घरांतली मिसवाकची काडी, यांवर माझा राग नाही. पण कच्च्या दाढेला फ्लोराइड लागतं, आणि ते पेस्टमध्ये असतं.

पेस्ट किती? तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या कणीएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात ती नको. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात दाढेपर्यंत पोचत नाही, म्हणून मोठ्याने मागे उभं राहून, त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवून घासायचं. आणि रात्री घासायचं. आपल्याकडे तोंड धुणं हे सकाळचं काम आहे, रात्रीची पद्धतच नाही, ती नव्याने पाडावी लागेल. एक गोष्ट आपल्या संस्काराच्या उलट आहे ती नीट ऐका. जेवण झालं की खळखळून चूळ भरा. रात्री पेस्ट लावल्यावर मात्र फक्त थुंका, चूळ भरू नका, पेस्टचा तो थर दाढेवर रात्रभर राहू दे.

आणि जे आधीच किडलं आहे? सगळं संपलेलं नाही. चांदी आणि फ्लोराइड यांचं एक पातळ द्रव्य आहे. किडीवर नुसतं लावलं की बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. भाग काळा पडतो, पण यंत्र लागत नाही, सुई लागत नाही. हातातल्या छोट्या अवजाराने कीड खरवडून वर चिकट सिमेंट भरायची एक पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात निघाली. तिला वीजही लागत नाही. निसर्गनंतरच्या त्या आठवड्यांत ती इथे चालली असती, हा विचार मला छळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट, हे चांदीचं द्रव्य आणि हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. शाळांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत दातही आहेत. पथक वर्षातून एकदा येतं. त्याला सहाव्या वर्षाची दाढ दाखवा, नुसते पुढचे दात दाखवून मुलाला परत बसू देऊ नका. उरलेले दिवस शाळा आहे, आणि परिपाठ आहे.

२०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली मुलं २०२५ च्या जूनमध्ये सहावीत गेली. आणखी थोड्या वर्षांत ती या शाळांतून बाहेर पडतील, कुणी दापोलीला जाईल, कुणी मुंबईला, कुणी होडीवर. त्यांच्या दाढेत काळी चीर आहे की खड्डा, हे आत्ता बघितलं तर पुष्कळ दाढा वाचतात. शाळेतल्या बाईंशी माझं बोलणं झालं आहे. उद्या सकाळी परिपाठ झाला की मी पडवीत बसते. सहावीची मुलं आधी, मग सातवी आणि पाचवी, मग ज्यांना यायचं ती. पडवीत पूर्वेचा उजेड चांगला येतो, तरी बॅटरी माझ्याकडे आहे. ते द्रव्य आणि सिमेंटही आणलं आहे. मुलांबरोबर आई किंवा आजी आली तर बरं, म्हणजे ती दाढ कुठली हे मला त्यांना बोटाने दाखवता येईल. आणि तो खलाशी किंवा त्याचं कुणी इथे बसलेलं असेल, तर त्या मुलीला जरूर पाठवा. तिच्या आणखी तीन दाढा आहेत.